बॅटर्सीचे महापौर जॉन आर्चर: एका मताची निवडणूक आणि त्यानंतरची वर्षं

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर "ब्रिटनचे पहिले कृष्णवर्णीय महापौर" असं छापलं आहे. सुरुवातीलाच सांगून टाकतो, त्यातला "पहिले" हा शब्द बरोबर नाही. पत्रिका करणाऱ्यांचा दोष नाही, हा शब्द शंभर वर्षं चालत आला आहे आणि खुद्द जॉन आर्चर यांनीही तो स्वतःबद्दल वापरला होता. पण त्यांच्या नऊ वर्षं आधी, १९०४ मध्ये, नॉरफकमधल्या थेटफर्ड नावाच्या छोट्या गावात डॉ. अ‍ॅलन मिन्स महापौर झाले होते. ते बहामा बेटांत जन्मलेले कृष्णवर्णीय डॉक्टर. १९१३ मध्ये लंडनच्या पत्रकारांना त्यांची आठवण राहिली नव्हती. आर्चर यांनाही ती बातमी माहीत नसावी. तेव्हा आपण "लंडनमधले पहिले" एवढंच म्हणू, ते खरं आहे.

मग "पहिले" नसतील तर तास-दीड तास त्यांच्यावर का घालवायचा? माझं उत्तर असं, की "पहिला" या बिरुदाने माणसाचं एकच वर्ष उजेडात येतं आणि बाकीचं आयुष्य अंधारात जातं. आर्चर महापौर होते फक्त वर्षभर, नोव्हेंबर १९१३ ते नोव्हेंबर १९१४. त्याआधी आणि त्यानंतर मिळून त्यांनी पाव शतकभर एका वस्तीचं राजकारण केलं. त्या राजकारणात एक मुंबईकरही येतो. त्याला पार्लमेंटात पाठवणाऱ्यांत आर्चर होते, आणि पुढे त्याला पाडणाऱ्यांतही आर्चरच होते. मला आज खरं तर तिथवर पोचायचं आहे.

जन्म ८ जून १८६३, लिव्हरपूल. वडील रिचर्ड आर्चर बार्बाडोसचे, जहाजावर स्टुअर्ड म्हणून नोकरीला. आई मेरी टेरेसा बर्न्स, आयरिश कॅथलिक. लिव्हरपूल हे बंदर गुलामांच्या व्यापारावर मोठं झालेलं. त्याच बंदरात जगभरचे खलाशी येऊन राहिले, त्यांनी तिथल्या बायकांशी लग्नं केली, मुलं झाली. तेव्हा असं घर म्हणजे फार मोठं नवल नव्हतं. आर्चर स्वतःही तरुणपणी जहाजावर गेले, जग फिरले, काही काळ अमेरिकेत आणि कॅनडात राहिले. त्यांची पत्नी बर्था ही कॅनडातली कृष्णवर्णीय स्त्री. १८९० च्या दशकात हे जोडपं दक्षिण लंडनमध्ये बॅटर्सीला येऊन राहिलं आणि आर्चर यांनी तिथे फोटो स्टुडिओ काढला. वस्तीतला फोटोग्राफर म्हणजे लग्न, बारसं, पहिली नोकरी अशा प्रसंगी ज्याच्याकडे लोक जातातच असा माणूस. नगरसेवक व्हायला याहून चांगला धंदा क्वचितच असेल!

बॅटर्सीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आर्चर दुसरीकडे कुठे निवडून आले असते की नाही, मला शंका आहे. थेम्सच्या दक्षिण काठावर रेल्वेचे कारखाने, गॅसचे कारखाने, मेणबत्त्यांचा कारखाना, पिठाच्या गिरण्या. वस्ती सुमारे १,६८,०००. आपल्या परळ-लालबागसारखं काहीसं चित्र डोळ्यासमोर आणा. १८९९ च्या कायद्याने लंडनचे २८ बरो झाले आणि बॅटर्सी त्यांपैकी एक. १८८९ च्या गोदी कामगारांच्या संपाचे पुढारी जॉन बर्न्स हे इथलेच खासदार. रस्ते आणि घरं बांधायचं काम ठेकेदाराला न देता नगरपरिषदेने स्वतःचे कामगार ठेवून करायचं, हा बॅटर्सीचा आग्रह. १९०३ मध्ये लॅचमेर इस्टेट ही कामगारांच्या घरांची वसाहत त्यांनी अशीच बांधली. तिथल्या रस्त्यांची नावं बघा: रिफॉर्म स्ट्रीट, फ्रीडम स्ट्रीट. एका रस्त्याला तर जुबेर हे नाव दिलं. जुबेर म्हणजे बोअर युद्धात इंग्रजांशी लढलेला बोअर सेनापती. इंग्लंडच्या राजधानीत, इंग्लंडच्या शत्रूचं नाव, आणि तेही युद्ध संपल्यावर थोड्याच काळात. या गावाचा स्वभाव काय होता ते यावरून कळतं. (आता यातली गंमत अशी, की बोअरांचं दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या माणसांशी वागणं काही कौतुकाचं नव्हतं. साम्राज्यविरोध आणि वर्णविरोध या दोन गोष्टी तेव्हा एकत्र चालत होत्याच असं नाही.)

जुलै १९०० मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर टाउन हॉलमध्ये पहिली पॅन-आफ्रिकन परिषद भरली. त्रिनिदादचे बॅरिस्टर हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स यांनी ती बोलावली होती. अमेरिकेतून डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस आले होते. आर्चर तिथे हजर होते. सहा वर्षांनी, नोव्हेंबर १९०६ च्या बरो निवडणुकीत, एकाच वेळी दोन कृष्णवर्णीय माणसं लंडनमध्ये नगरसेवक झाली: मेरिलबोनमध्ये विल्यम्स आणि बॅटर्सीच्या लॅचमेर वॉर्डातून आर्चर. आर्चर प्रोग्रेसिव्ह गटाचे, म्हणजे उदारमतवादी आणि कामगार पुढारी यांच्या आघाडीचे उमेदवार होते.

जगात इतरत्र काय चाललं होतं ते झटकन सांगतो. टोरांटोत विल्यम हबर्ड १८९४ पासून नगरसेवक होते. शिकागोत ऑस्कर डी प्रीस्ट १९१५ मध्ये पहिले कृष्णवर्णीय आल्डरमन झाले. पण डी प्रीस्ट यांच्या वॉर्डात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. आर्चर यांच्या वॉर्डात मतदार जवळजवळ सगळे गोरे. त्यांना "आपल्या लोकांची" मतं हा प्रकार उपलब्धच नव्हता. वॉर्डाचं काम केलं तर मत मिळणार, नाहीतर नाही.

आणि काम कोणतं? नगरपरिषदेच्या कामगारांना आठवड्याला किमान ३२ शिलिंग पगार मिळाला पाहिजे, ही आर्चर यांची मोहीम. ३२ शिलिंग म्हणजे एक पौंड बारा शिलिंग. हा आकडा केवढा, हे समजून घ्यायला एक पुस्तक आहे. मॉड पेंबर रीव्ज यांनी शेजारच्याच लँबेथ भागातल्या कामगार बायकांच्या घरखर्चाचा हिशेब बसून लिहून घेतला आणि १९१३ मध्ये "राउंड अबाउट अ पाउंड अ वीक" या नावाने छापला. त्यातली घरं आठवड्याला १८ ते ३० शिलिंगांत चाललेली. भाडं गेलं, कोळसा गेला, अंत्यविधीच्या विम्याचे पेन्स गेले, की उरलेल्यात पाव आणि बटाटे. म्हणजे आर्चर जो किमान पगार मागत होते, तो त्या सगळ्या घरांच्या वरचा होता. झाडूवाला, खड्डे बुजवणारा, कचऱ्याची गाडी हाकणारा, यांच्या घरात त्याने काय फरक पडला असेल, ते वेगळं सांगायला नको. ही मोहीम त्यांनी यशस्वी केली. ते वँड्सवर्थच्या गार्डियन बोर्डावरही होते. हे बोर्ड म्हणजे गरिबांना मदत द्यायची की वर्कहाउसमध्ये पाठवायचं ते ठरवणारी समिती. या कामाला टाळ्या नाहीत. दर आठवड्याला दारात उभ्या असलेल्या माणसांची प्रकरणं वाचायची आणि निर्णय द्यायचा, एवढंच.

१९०९ मध्ये ते हरले. १९१२ मध्ये पुन्हा आले. आणि १० नोव्हेंबर १९१३ ला त्यांचं नाव महापौरपदासाठी पुढे आलं.

तिथलं महापौरपद आपल्याकडच्यासारखंच, लोकांनी थेट निवडायचं नाही, सभागृहाने निवडायचं, आणि मुदत एक वर्ष. दोन्ही बाजूंचं बळ जवळजवळ सारखं होतं. निवडणुकीच्या आधीच वर्तमानपत्रांनी घोडे नाचवायला सुरुवात केली. हा माणूस ब्रिटिश नागरिक तरी आहे का? कोणी म्हणे याची आई ब्रह्मदेशची, रंगूनची. गोऱ्या माणसावर काळ्या माणसाने अधिकार चालवावा हे योग्य नव्हे, असं उघड छापून आलं. आर्चर एका मताने निवडून आले.

निवडून आल्यावर त्यांनी भाषण केलं, त्याचा वृत्तांत अमेरिकेपर्यंत पोचला, डु बॉइस यांच्या "द क्रायसिस" मासिकातही आला. त्यात त्यांनी आधी टोला मारला. म्हणाले, माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कोपऱ्यातल्या खेड्यात झाला, तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसेल, त्याला लिव्हरपूल म्हणतात. (हशा.) मग आईबद्दल बोलले. माझी आई रंगूनची नव्हती, ब्रह्मी नव्हती, पृथ्वीच्या पाठीवरच्या एका थोर वंशातली होती, ती आयरिश होती. त्यानंतर त्यांनी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं, की इंग्रजी राष्ट्राच्या इतिहासात प्रथमच एक वर्णीय माणूस महापौर झाला, आणि ही बातमी जगातल्या सगळ्या वर्णीय लोकांपर्यंत जाईल. मिन्स यांचं उदाहरण समोर असल्यामुळे यातलं "प्रथमच" आपण बाजूला ठेवू. पण पुढचा भाग महत्त्वाचा. त्यांनी श्रेय बॅटर्सीला दिलं. या गावाने माणसाचा रंग पाहिला नाही, त्याने केलेलं काम पाहिलं, असं ते म्हणाले.

हे म्हणणं थोडं उदार होतं. कारण महापौर झाल्यावर आर्चर यांना निनावी पत्रं यायला लागली, त्यांत त्यांच्या आईला घाणेरड्यातल्या घाणेरड्या शिव्या होत्या. हे त्यांनीच नंतर सांगितलं. एका आयरिश बाईने काळ्या खलाशाशी लग्न केलं, याचा सूड पन्नास वर्षांनी तिच्या मुलाच्या टपालातून घेतला जात होता. तेव्हा बॅटर्सीने रंग पाहिला नाही, हे अर्धंच खरं. पाहिला, आणि तरीही एका मताने त्याच्या पलीकडे गेलं.

महापौरपदाच्या वर्षावर मी फार थांबत नाही. पद मानाचं होतं, अधिकार मर्यादित होते. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि मुदतीचे शेवटचे महिने त्यातच गेले.

युद्धानंतरचे आर्चर जास्त धारदार दिसतात. डिसेंबर १९१८ मध्ये लंडनमध्ये आफ्रिकन प्रोग्रेस युनियन स्थापन झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. तिथल्या भाषणात त्यांनी सरळ हिशेब मांडला: या देशाची युद्धं लढायला आम्हाला आणता, तर या देशाचे फायदेही आम्हाला मिळाले पाहिजेत. लाकडं फोडायची आणि पाणी भरायचं, हे दिवस संपले. फेब्रुवारी १९१९ मध्ये ते पॅरिसच्या पॅन-आफ्रिकन काँग्रेसला गेले. जूनमध्ये त्यांच्याच जन्मगावात, लिव्हरपूलमध्ये, वांशिक दंगल झाली. चार्ल्स वूटन नावाच्या कृष्णवर्णीय खलाशाचा जमावाने पाठलाग केला आणि तो गोदीच्या पाण्यात बुडून मेला. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. याच सुमारास आर्चर उदारमतवादी आघाडी सोडून मजूर पक्षात आले, आणि १९१९ मध्ये नाइन एल्म्स वॉर्डातून पुन्हा नगरसेवक झाले.

आता तो मुंबईकर. शापूरजी सकलातवाला, जन्म १८७४, मुंबई. जमशेटजी टाटांच्या बहिणीचा मुलगा. मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन यांच्या लसीच्या कामात मदत केलेला, नंतर टाटांच्या लोखंडाच्या शोधात मध्य भारतातली जंगलं तुडवलेला. १९०५ मध्ये इंग्लंडला गेले ते तिथलेच झाले. इंग्लिश बाईशी लग्न केलं, मजुरांच्या चळवळीत शिरले, आणि १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले. त्या वेळी हे दोन्ही पक्षांचं सदस्यत्व एकत्र ठेवता येत असे, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२२ मध्ये उत्तर बॅटर्सीच्या मजूर संघटनांना सकलातवाला उमेदवार हवे होते. मजूर पक्षाच्या वरिष्ठांना एका कम्युनिस्टाला अधिकृत पाठिंबा द्यायला मन होत नव्हतं. तो मिळवण्यात आर्चर यांचा वाटा मोठा. त्यांनी नगरसेवकपद सोडलं आणि सकलातवालांचे इलेक्शन एजंट झाले. हे पद आपल्याकडे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून सांगतो. इंग्लंडच्या कायद्यात उमेदवाराच्या खर्चाची, पत्रकांची, हिशेबाची कायदेशीर जबाबदारी एजंटवर असते. घरोघर कोण जाणार, कोणत्या गल्लीत किती मतं, मतदानाच्या दिवशी कोणाला किती वाजता बाहेर काढायचं, हे सगळं तोच बघतो. उमेदवार भाषण करतो, निवडणूक एजंट जिंकतो, असं म्हटलं तरी चालेल.

नोव्हेंबर १९२२ मध्ये सकलातवाला निवडून आले. दादाभाई नौरोजी आणि मंचेरजी भावनगरी यांच्यानंतरचे ते तिसरे भारतीय खासदार. १९२३ मध्ये हरले, १९२४ मध्ये पुन्हा थोडक्या मतांनी आले. एका बार्बाडोसी खलाशाच्या मुलाने टाटांच्या भाच्याला, गोऱ्या कामगारांच्या मतांवर, ब्रिटिश पार्लमेंटात बसवलं. मला या गोष्टीचं नवल अजून ओसरलेलं नाही.

पण ही गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल.

१९२५ मध्ये मजूर पक्षाचं अधिवेशन भरलं, योगायोगाने लिव्हरपूललाच, आणि कम्युनिस्टांना पक्षाचं सदस्य राहता येणार नाही असं ठरलं. बॅटर्सीच्या स्थानिक शाखेने हे मानायला नकार दिला. वरिष्ठांनी ती शाखाच रद्द केली आणि नवी अधिकृत शाखा उभी केली. आर्चर नव्या शाखेच्या बाजूला गेले. मे १९२९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाने स्टीफन सँडर्स यांना उभं केलं. त्यांचे एजंट होते जॉन आर्चर. सँडर्स जिंकले. सकलातवाला तिसऱ्या क्रमांकावर गेले.

याला गद्दारी म्हणायचं का? काहींनी म्हटलं आहे. मला ते मान्य नाही. सकलातवालांसाठी बॅटर्सी हे एक व्यासपीठ होतं, तिथून ते भारताबद्दल, आयर्लंडबद्दल, साऱ्या साम्राज्याबद्दल बोलत. १९२६ च्या सार्वत्रिक संपात हाइड पार्कमधल्या भाषणासाठी दोन महिने तुरुंगात गेले, १९२७ मध्ये भारताचा दौरा केला. आर्चर यांच्यासाठी बॅटर्सी हीच जागा होती, तिथला ३२ शिलिंगांचा पगार, तिथली घरं. पक्षाबाहेर गेलं तर नगरपरिषद हातातून जाईल, आणि नगरपरिषद गेली तर झाडूवाल्याचा पगार कोण राखणार? त्यांचा विचार या दिशेने गेला असावा. हा विचार लहान नाही.

पण त्याची किंमत काय पडली, तेही बघा. २० मार्च १९२९ ला, या निवडणुकीच्या दहा आठवडे आधी, भारतात मीरत कटाची धरपकड झाली. आरोपींत डांगे, मिरजकर, घाटे, निंबकर, जोगळेकर, म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगारांचं नेतृत्व जवळजवळ सगळं. जूनमध्ये लंडनला मजूर पक्षाचं सरकार आलं. लोकांना वाटलं, कामगारांचं सरकार आहे, खटला मागे घेईल. घेतला नाही. खटला चालत राहिला, निकाल १९३३ च्या जानेवारीत लागला. तोवर ही माणसं तुरुंगात. आणि पार्लमेंटात त्यांना नावानिशी ओळखणारा, गिरणगाव म्हणजे काय ते माहीत असलेला खासदार आता तिथे नव्हता. मीरतबद्दल बोलणारे दुसरेही होते, पण मुंबईचा माणूस नव्हता. ती जागा ज्यांनी जिंकून दिली होती, त्यांनीच ती काढून घेतली होती. आर्चर यांनी हे ठरवून केलं असं मी अजिबात म्हणत नाही. मीरत त्यांच्या हिशेबात कुठे असेल असंही मला वाटत नाही. पण वस्तीशी इमान राखताना दूरच्या वस्तीचं काय होतं, ते या एका जागेत दिसतं. आणि ती दूरची वस्ती आपली होती, म्हणून आपल्याला ते टोचतं.

त्या सरकारचंही काही भलं झालं नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये ते पडलं, मॅकडोनल्ड स्वतः काँझर्व्हेटिव्हांबरोबर राष्ट्रीय सरकारात गेले, आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत सँडर्स बॅटर्सीत हरले. म्हणजे ज्या जागेसाठी दोन जुन्या सहकाऱ्यांत फूट पडली, ती दोन वर्षांत दोघांच्याही बाजूकडून गेली. आर्चर मात्र लगेच पुढच्या महिन्यात, नोव्हेंबर १९३१ मध्ये, नाइन एल्म्समधून पुन्हा नगरसेवक झाले. वय ६८. नगरपरिषदेत मजूर गटाचे उपनेते. शिवाय बॅटर्सी पॉलिटेक्निकच्या नियामक मंडळावर, आणि नाइन एल्म्सच्या पोहण्याच्या क्लबाचे अध्यक्ष.

१४ जुलै १९३२ ला ते गेले. बॅटर्सी पार्क रोडवरच्या अवर लेडी ऑफ माउंट कार्मेल या कॅथलिक चर्चमध्ये, म्हणजे आईच्या धर्माप्रमाणे, अंत्यविधी झाला, आणि मॉर्डनच्या दफनभूमीत, जी बॅटर्सी नगरपरिषदेचीच होती, त्यांना पुरलं. २०१३ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं आणि ब्रिनमेर रोडवरच्या ५५ नंबरच्या घरावर निळी पाटी लागली. तुमच्यापैकी कोणी लंडनला गेलात, तर क्लॅपम जंक्शनला उतरा. लॅचमेर इस्टेट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, जुबेर स्ट्रीटसकट.